प्रौढांचा वर्ग, पण धडा आपला



शहाणी माणसे शेतकऱ्याविषयी दोन गोष्टी फार दिवसांपासून सांगत आली आहेत. एक, शेतकरी अडाणी आहे म्हणून गरीब आहे. दोन, तो शिकला की आपोआप सुधारेल. या दोन्ही गोष्टी आपण कधी मान्य केल्या नाहीत आणि आजही करत नाही. ज्वारीचा खर्च ज्वारीच्या भावात निघत नाही, तो पेरणाऱ्याला बाराखडी येत नाही म्हणून नव्हे. एम.ए. झालेल्या पोराने पिकवलेली ज्वारीसुद्धा बाजारात त्याच भावाने जाते. व्यापारी पोत्यात हात घालून दाणा पाहतो, सर्टिफिकेट पाहत नाही.

मग या अंकात प्रौढांच्या वर्गाचा विषय कशासाठी, असे बैठकीला येणारे पुष्कळ जण विचारतील. विचारायलाच पाहिजे. त्याचे उत्तर असे की भावाची लढाई एकीकडे चालूच राहील, पण भाव ठरल्यावर तो पैसा घरी येईपर्यंत वाटेत गळतो. वावरात माणसाचा जीव जातो. या गळतीतला आणि या मरणातला काही हिस्सा तरी न वाचलेल्या कागदापायी आहे. तेवढा हिस्सा वाचवणे कुणा मंत्र्याच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

डब्यावरचा रंग

२०१७ चा खरीप आठवा. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवलेली, तोंडाला फडके नाही, अंगात एक फाटका सदरा. सरकारने चौकशी पथक नेमले, काही औषधांवर तात्पुरती बंदी घातली, आणि गावोगाव सांगितले गेले की शेतकऱ्यांनी काळजी घ्यायला पाहिजे होती.

काळजी कशी घ्यायची ते डब्यावर छापलेले असते. डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला रंग दिलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सोबतच्या चिठ्ठीत विषबाधा झाल्यास उतारा कोणता हेही लिहिलेले असते. पण ती अक्षरे मुंगीच्या पायाएवढी, एकाच कागदावर अनेक भाषा कोंबलेल्या. फवारणारा बहुतेक वेळा मालक नसतोच, रोजाने आलेला मजूर असतो. त्याला डबा दाखवत कोणी नाही, आणि दाखवला तरी रंगाचा अर्थ त्याला कोणी सांगितलेला नसतो.

हे रंग शिकायला बाराखडी लागत नाही. एका संध्याकाळी, एका कंदिलाभोवती, चार रिकामे डबे मांडून हा धडा होतो. दवाखान्यात जाताना डबा आणि चिठ्ठी सोबत न्यायची, म्हणजे डॉक्टरला उतारा शोधत बसावे लागत नाही, एवढे जरी गावातल्या प्रत्येकाला पाठ झाले तरी त्या वर्गाचे सार्थक झाले म्हणायचे.

आठ आणि बारा

आता कापसाचे पहा. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. हा भाव आठ टक्के ओलाव्याचा. ओलावा त्याहून जितके टक्के जास्त, तितके टक्के भाव कमी, आणि बाराच्या वर गेला की सरकारी केंद्र माल घेतच नाही. म्हणजे बारा टक्क्यांचा कापूस नेला तर चार टक्के कटले, क्विंटलमागे सुमारे ३२४ रुपये. दहा क्विंटलची बंडी असेल तर ३,२४४ रुपये. कापूस चार दिवस उन्हात पसरून नेला असता तर यातले बरेच वाचले असते. ज्याला हा हिशेब घरी करता येतो तो आधी वाळवतो आणि मग बंडी जुंपतो. ज्याला येत नाही त्याला काट्यावर सांगितले जाते, आणि सांगणारा बारा म्हणाला की बारा, चौदा म्हणाला की चौदा.

सावकाराच्या व्याजाचेही तसेच. ‘शेकडा तीन’ ऐकायला किती हलके वाटते! पण ते तीन महिन्याचे, वर्षाचे नव्हे. वर्षाचे छत्तीस झाले. पन्नास हजार पेरणीला उचलले आणि आठ महिन्यांनी परत केले तर व्याजाचे बारा हजार. बँकेचे पीक कर्ज वर्षाला सात टक्के, आणि वेळेत फेडले तर त्याहून कमी. कर्ज मिळत नाही म्हणून माणूस सावकाराकडे जातो, हे खरे आहे आणि त्याचा दोष शेतकऱ्यावर नाही. परंतु जाताना आपण कुठे चाललो आहोत याचा आकडा तरी त्याच्या डोक्यात असावा.

यात अलीकडे मोबाइलची भर पडली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने बांधावर न येता पिकाची नोंद शेतकऱ्यानेच आपल्या फोनवरून करायची. पीक विम्यात गारपीट वा पुरासारख्या नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागे. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ नावाच्या ॲपवर नोंदणी आली. सरकारने कारकुनाचे काम शेतकऱ्यावर टाकले, पण कारकुनाचा पगार दिला नाही आणि ते काम शिकवलेही नाही. मग चौकातल्या दुकानात पन्नास-शंभर रुपये मोजून दुसऱ्याच्या हाती आपला फोन, आपला आधार क्रमांक आणि बँकेचा निरोप द्यायचा. आपले अडाणीपण कुणाचा तरी धंदा होऊन बसते ते असे.

वर्ग आले आणि गेले

प्रौढांचे वर्ग काही नवीन नाहीत. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ नंतर ती राज्यभर पसरली. गाव साक्षर झाले की समारंभ व्हायचा, गावाचा गौरव व्हायचा. उत्साह खरा होता, शिकवणाऱ्या मास्तरांची तळमळही खरी होती. परंतु शिकलेले अक्षर वापरायला पुढे काही नसल्याने पुष्कळ जण पुन्हा पहिल्या जागी आले. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ मध्ये साक्षर भारत. ते २०१८ मध्ये बंद झाले. २०२२ साली नवा कार्यक्रम आला, त्याला पुढे ‘उल्लास’ हे नाव मिळाले, तो २०२७ पर्यंतचा. त्यात वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी ५० गुणांची परीक्षा असते. पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही ती देता येते. ज्या आजीने सत्तराव्या वर्षी तो पेपर दिला असेल तिला आमचा नमस्कार.

पण प्रत्येक वेळी योजना दिल्लीत सुरू झाली आणि दिल्लीतच संपली. नाव बदलले, फलक बदलला, गावातला वर्ग मात्र पैसे येणे थांबले की थांबला. कारण वर्गात काय शिकायचे हे वर्गातल्या माणसाने ठरवलेले नव्हते. अंगठ्याच्या जागी सही आली की त्याचे नाव यादीत चढे, आणि मग त्याचे पुढे काय झाले हे पाहायला कोणी परत येत नसे.

२०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के निघाली. पुरुषांत नव्वद, बायकांत पंचाहत्तर. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आणि २०१८ मध्ये सरकारने ‘आकांक्षित’ म्हणून निवडलेल्या जिल्ह्याला हा आकडा वाईट नाही. पण या ८३ जणांपैकी आपला सातबारा आणि आठ-अ स्वतः वाचून इतर हक्कात कुणाचा बोजा आहे हे सांगू शकणारे किती? त्याची जनगणना कोणी करत नाही.

ज्यांनी धडा स्वतः ठरवला

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेल्या माणसाला रात्रीच वेळ मिळतो, हे त्यांनी ओळखले होते. कागद न वाचता आल्याने कुळकर्ण्याच्या आणि कचेरीच्या तावडीत शेतकरी कसा सापडतो, ते जोतीरावांनी पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात १८८३ साली मांडले.

आपल्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी तर पाटी-पेन्सिलीशिवाय शाळा चालवली. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरांचा वर्ग. बाबा विचारत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपली चूक लोकांच्याच तोंडून बाहेर पडे. मोठ्या माणसाला शिकवायचे तर असेच शिकवता येते. त्याच्यापुढे छडी घेऊन उभे राहून ते होत नाही.

दूरच्या डेन्मार्क देशातली हकीगत याच जातीची आहे. तिथे १८४४ मध्ये रोडिंग गावी शेतकऱ्यांच्या मोठ्या मुलांसाठी पहिली लोकशाळा निघाली. हिवाळ्यात शेतीला उसंत असे तेव्हा ती भरे. परीक्षा नव्हती, सर्टिफिकेट नव्हते. पुढे अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्य येऊन भाव कोसळले तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी धान्य कमी करून दुधाचा मार्ग धरला आणि १८८२ पासून सहकारी लोणी कारखाने उभे केले. एकत्र बसून हिशेब करण्याची सवय त्यांना त्या लोकशाळांतून लागली होती. भाव कोसळल्यावर शाळा काढली असती तर उशीर झाला असता.

इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्याने कहर केला. सरकारने १९८६ मध्ये भातावरची ५७ औषधे बंद केली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. वीस-पंचवीस शेतकरी दर आठवड्याला एका वावरात जमत. शत्रू किडी मोजत, मित्र किडी मोजत, मोठ्या कागदावर चित्र काढत आणि फवारायचे की नाही ते आपसात ठरवत. दहा वर्षांत दहा लाखांवर शेतकरी या शाळांतून गेले. आपल्याकडेही २०१८ पासून पोकरा प्रकल्पात, म्हणजे नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पात, वाशिमसह विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांत शेतीशाळा घेतल्या गेल्या. जिथे त्या खरोखर वावरात भरल्या तिथे बोंडअळीचे गणित लोकांना कळले. एकरातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडायची, दोनमध्ये अळी निघाली की धोक्याची रेघ आली. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-आठ पतंग पडले तरी तेच. रेघेच्या आत असेल तर पंप खांद्यावर घ्यायचा नाही. एक फवारणी वाचली तर पैसाही वाचला आणि छातीत जाणारे विषही वाचले.

सगळ्यात जवळचे उदाहरण आपल्या घरातच आहे. बचत गटातल्या बाया. कुणी आठवडाभर शाळेत गेली नव्हती, पण पेटीत स्वतःचे पैसे पडू लागल्यावर वही वाचायला शिकल्या, व्याज काढायला शिकल्या, बँकेत मॅनेजरसमोर बसायला शिकल्या. गरज आपली असली की वय आड येत नाही.

आता करायचे काय

यंदाच्या बैठकीत प्रत्येक तालुक्याने एवढे ठरवून उठावे. ज्या गावात आपली शाखा आहे तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ वर्ग भरावा. शाळेच्या ओट्यावर, मंदिरात, पारावर, जिथे दिवा असेल तिथे. उन्हाळ्यात कागदाचे धडे घ्यावेत : सातबारा, आठ-अ, फेरफार, कर्जाचा उतारा, व्याजाचा हिशेब. मृग लागला की धडा वावरात न्यावा : बियाण्याच्या पिशवीवरची तारीख, डब्यावरचा रंग, बोंडातली अळी. वेचणी सुरू झाली की काटा, ओलावा आणि वजनाची पट्टी.

शिकवायला बाहेरचा माणूस शोधू नका. कॉलेजात जाणारी पोरगी मोबाइलवरची पीक पाहणी शिकवू शकते. बचत गटाची सचिव व्याज शिकवू शकते. ज्याने पन्नास वर्षे ज्वारी पेरली तो म्हातारा खोडमाशी कधी येते ते शिकवील, आणि त्याच वर्गात नातीकडून फोन शिकेल. किडीविषयी अडले तर रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचे विद्यापीठ आहे. तिथल्या शास्त्रज्ञांना बोलवा, पण भाषणाला नको, वावरात बोलवा. मानोरा-मंगरूळपीरकडच्या तांड्यांत वर्ग गोरमाटी बोलीत चालू द्या. आणि वर्गाची वेळ बायांना विचारून ठरवा. पुरुषांच्या सोयीने ठरवाल तर भाकरी थापायच्या वेळेलाच वर्ग भरेल आणि मग आपणच म्हणू की बाया येत नाहीत.

कुणाकडे अनुदान मागायचे नाही. जी गोष्ट अनुदानाने सुरू होते ती अनुदानाबरोबर मरते, हे आपण साठ वर्षे पाहिले. हजेरीचा आकडा तालुक्याला कळवायचा नाही. फक्त हंगामाच्या शेवटी प्रत्येक गावाने एका कागदावर लिहावे, या वर्गाने आमचे किती रुपये वाचले आणि कुणाला दवाखान्यात जावे लागले नाही. पुढच्या बैठकीत हेच कागद वाचू.

वर्गाने हमीभाव वाढणार नाही, पाऊसही वेळेवर पडणार नाही, आणि असे कुणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण भावासाठी मोर्चा घेऊन कचेरीवर जाऊ तेव्हा खर्चाचा हिशेब शंभर जणांच्या खिशात स्वतःच्या अक्षरात लिहिलेला असेल. आजवर तो एक-दोघांच्या डोक्यात असायचा आणि बाकीचे मागून घोषणा द्यायचे. साहेब त्या एक-दोघांना आत बोलावून चहा पाजू शकतो. शंभर हिशेबांना पाजायला त्याच्याकडे चहा पुरणार नाही.