दिव्यामागे कोणी आहे का?

दिवाळीच्या दिवसांत कोणाशी भांडू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मला मान्य आहे. फराळाच्या ताटावर बसून शेजाऱ्यांची उणीदुणी काढणे हा चकलीवरही अन्याय आणि शेजाऱ्यांवरही. तरीही यंदा एक भांडण मी मुद्दाम उकरून काढणार आहे. भांडण कोणा माणसाशी नाही, एका सोयीशी आहे. पण सोयीला नावे ठेवली की राग मात्र माणसांना येतो, म्हणून ज्यांना राग येईल त्यांच्यापुढे चिवड्याची बशी आधीच सरकवून ठेवते.

दिवाळीच्या सुटीत घराला कुलूप लावून प्रवासाला जाण्यात आता नवल राहिलेले नाही. कोणी केरळात जातो, कोणी मनालीला, कोणी दुबईला. माझी त्याला मुळीच हरकत नाही. वर्षभर कचेरीत मान मोडून काम करणाऱ्याने चार दिवस बर्फात लोळावे, ही लक्ष्मीचीही इच्छा असेल. माझी हरकत पुढेच आहे. ही मंडळी जाताना खिडकीत आकाशकंदील टांगतात, गॅलरीच्या कठड्याला विजेच्या माळा गुंडाळतात आणि भिंतीतल्या प्लगमध्ये एक लहानशी डबी खोचून निघून जातात. या डबीची साधी जात म्हणजे एक फिरती चकती. तिच्या कडेला दर १५ मिनिटांस एक याप्रमाणे ९६ दाते असतात. हवे तेवढे दाते दाबून ठेवले की ठरल्या वेळी दिवे लागतात आणि ठरल्या वेळी विझतात. वरची जात अधिक शहाणी. तिला आपले गाव सांगितले की सूर्यास्ताची वेळ ती स्वतःच काढते आणि मालकाचे हुकूम मोबाईलवरून झेलते. मालक रोहतांगच्या वाटेवर कणसे खात असतो आणि इकडे पुण्यात त्याच्या कुलूपबंद घराला बरोबर दिवेलागणीला रोषणाई होते. इतकेच नव्हे, तर दाराशी कॅमेरा असेल तर हॉटेलच्या खोलीतून सारे कुटुंब ती पाहते आणि म्हणते, “आपला कंदील लागला बरं का!”

खर्चाच्या नावाने बोटे मोडावीत, तर तीही सोय नाही. एलईडीची दहा वॅटची माळ रोज चार तास जळली तर एक युनिट वीज संपायला २५ दिवस लागतात. तेवढ्यात दोन दिवाळ्या उरकतील. तेव्हा माझे भांडण पैशाशी नाही. ते यंत्राशीही नाही, हे जरा खुलासा करून सांगते.

आपोआप लागणारा दिवा ही माणसाच्या बुद्धीने केलेली फार मोठी करामत आहे. स्वीडनमधील गुस्ताफ दालेन या इंजिनिअरने दीपस्तंभांसाठी एक ‘सूर्यझडप’ तयार केली. तिच्यात एक काळी कांडी आणि तिच्याभोवती चकचकीत कांड्या असत. दिवसा काळी कांडी उजेड शोषून प्रसरण पावे आणि गॅसची वाट बंद होई. अंधार पडला की ती आखडे, वाट मोकळी होई आणि दिवा लागे. समुद्रातल्या एकाकी खडकावर महिनोन्महिने माणूस न जाता दिवा रोज संध्याकाळी लागू लागला. १९१२ साली त्याला पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी प्रयोग करताना झालेल्या स्फोटात त्याची दृष्टी गेली. जगातल्या खलाशांना उजेड देणाऱ्या या माणसाने पुढची २५ वर्षे अंधारात काढली, पण काम सोडले नाही. असा दिवा कोणी लावला म्हणून मी नाक मुरडीन, तर मला दिवाळीच्या दिव्यांविषयी बोलण्याचा अधिकारच राहणार नाही.

पण दीपस्तंभ काय सांगतो? तो सांगतो, “इथे खडक आहे, दूर राहा.” खडक खरोखरच तिथे असतो. दिवा यंत्राने लावला काय किंवा माणसाने लावला काय, सांगणे खरे आहे. घराच्या दारातला दिवा याच्या अगदी उलट सांगतो. तो सांगतो, “इथे माणसे आहेत, जवळ या.” आणि माणसे तर तिथे नसतात! माझे सारे भांडण या एका वाक्यात आहे.

कोणी म्हणेल, दिवा कसला बोलतो? तो शोभेचा असतो. मी म्हणते, आपल्या दिव्यांइतके बोलके दिवे क्वचितच कुठे असतील. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे ज्योत करून ठेवलेला दिवा यमासाठी आहे, हे आमच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरीलाही कळते. उंबरठ्यावरच्या दोन पणत्या लक्ष्मीसाठी, तुळशीपुढची तुळशीसाठी. आणि दिव्यासारखा अंधारही बोलतो. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेले असते, त्या घरावर कंदील लागत नाही, कढई चढत नाही. आळीतल्या बाया त्या अंधाऱ्या दाराकडे पाहून काही विचारीत नाहीत. फराळाचे ताट झाकून मुकाट्याने तिकडे नेऊन देतात. आळी दिवे वाचीत असे, आळी अंधारही वाचीत असे. उजेड म्हणजे ‘आम्ही आहोत’ आणि अंधार म्हणजे ‘आमची चौकशी करा’, एवढी साधी ही लिपी आहे. माणूस असो वा नसो, दिवा लागणारच असे ठरले, की ही लिपी कोणालाच वाचता येणार नाही.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब सहलीला गेले होते आणि त्यांची गॅलरी लखलखत होती. त्यांची एक वृद्ध आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. भाऊ आता हयात नाही, पण भाऊबीजेला भावाच्या घरी पाऊल टाकून यायचे, हा तिचा नेम. रस्त्यावरून तिने कंदील पाहिला, रिक्षा सोडून दिली आणि अनारशांचा डबा घेऊन, लिफ्ट बंद म्हणून, तीन जिने चढली. तिने घंटी वाजवली, थांबली, पुन्हा वाजवली. आत दूरदर्शन मोठ्याने लागले असेल, असे तिला वाटले. शेवटी आवाज ऐकून मी दार उघडले आणि मंडळी गावाला गेल्याचे सांगितले. ती रागावली नाही. नुसती गॅलरीतून जिन्यात पडलेल्या त्या लाल-निळ्या उजेडाकडे पाहत म्हणाली, “पण दिवा होता ना गं!”

मी तिला चहा दिला, रिक्षा आणून दिली. पण तिच्या त्या चार शब्दांना माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता या सोयीचे कैवारी आपला हुकमी पत्ता टाकतात: चोर! घर रिकामे आहे हे चोराला कळू नये म्हणून दिवे लावावे लागतात, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कष्टाने मिळवलेले चार दागिने कोणालाही प्यारेच. पण जरा पाहा, काय झाले ते. रोज ठोक्याला सहा वाजता लागणारा आणि ठोक्याला दहा वाजता विझणारा दिवा पाहून चोराला दुसऱ्याच दिवशी कळते की हे यंत्राचे काम आहे, कारण इतका वक्तशीर गृहस्थ आपल्या देशात अजून जन्मायचा आहे. मग डबी करणाऱ्यांनी युक्ती काढली. आता काही डब्यांत खास प्रवाशांसाठी एक कळ असते. ती दाबली की दिवे कधी सहाला लागतात, कधी सव्वासहाला. कधी मध्येच विझतात, पुन्हा लागतात. माणसाचा विसरभोळेपणा, त्याची धांदल, ‘अगबाई, दिवा लावायचा राहिला!’ ही त्याची घाई, सारे यंत्राला शिकवले गेले. आमच्या आजीने ज्या विसरण्याबद्दल आईला आयुष्यभर बोल लावले, ते विसरणे आज किंमत मोजून विकत मिळते! लक्ष्मीसाठी लावायचा दिवा आपण पहारेकऱ्याच्या कामाला जुंपला आणि त्या पहारेकऱ्याला थापा मारायलाही शिकवले. शिवाय चोराला फसवण्यासाठी जी थाप मारली, ती आत्यालाही ऐकू गेली. दिव्याला चोर आणि आत्या यांतला भेद कळत नाही.

येथवरचे नुकसान तीन जिन्यांचे आणि एका म्हातारीच्या हिरमोडाचे. तेवढ्यावर मी लेखणी उचलली नसती. पण आमच्याच रस्त्यावर एक गृहस्थ एकटे राहतात. मुलगा परदेशी असतो. वडिलांना स्टुलावर चढावे लागू नये म्हणून त्याने मोठ्या मायेने सारी रोषणाई बसवून दिली आणि तिची कळ आपल्या हातात ठेवली. समुद्रापलीकडून तो रोज संध्याकाळी वडिलांच्या घरी दिवे लावी. पाडव्याच्या दुपारी हे गृहस्थ न्हाणीघरात पाय घसरून पडले. त्या संध्याकाळी आम्ही सारे त्यांच्या दारावरून गेलो. दुसऱ्याही संध्याकाळी गेलो. “अण्णांकडे यंदा दिवाळी झोकात दिसते,” असेही कोणी म्हणाले. तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला कडीला टांगलेल्या दोन पिशव्या तशाच दिसल्या, तेव्हा त्याने दार ठोठावले. अण्णा वाचले, आता काठी घेऊन फिरतात. मुलाला दोष द्यावा असे त्याने काहीच केले नव्हते. पण दिवा अंधारला असता तर पहिल्याच संध्याकाळी कोणीतरी हाक मारली असती. दुधाच्या पिशव्या खरे बोलल्या, दिवे खोटे बोलले.

आणखी एक आक्षेप वडीलधाऱ्यांकडून येतो. दिवाळीत घर अंधारात ठेवणे अशुभ, मग यंत्राने का होईना, दिवा लागला तर काय बिघडले? हा आक्षेप श्रद्धेचा आहे, म्हणून मी त्याची थट्टा करणार नाही. फक्त आकाशदिव्याची आठवण करून देते. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा लावायचा तो पितरांना वाट दिसावी म्हणून, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणजे घरी असलेल्या माणसांनी, घरी नसलेल्यांची आठवण ठेवून दिवा लावायचा. आज याच्या नेमके उलट झाले आहे. घरी नसलेली माणसे, घरी असलेल्यांना दाखवण्यासाठी दिवा लावतात. आठवणीची जागा देखाव्याने घेतली. हे शुभ की अशुभ, ते वडीलधाऱ्यांनीच ठरवावे.

मग प्रवासाला जाणाऱ्याने करावे तरी काय? अगदी जुना उपाय आहे. गावाला जाताना लोक देव शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवीत किंवा पूजा त्यांच्यावर सोपवीत; तुळशीला पाणी घालायला सांगत; किल्ली देत. तसे चार पणत्या, तेलाची लहान बाटली आणि वातींची पुडी शेजारच्या वहिनींकडे द्यावी. “दिवेलागणीला आमच्या उंबऱ्यावर एक लावा,” एवढे सांगावे. ती पणती तासाभरात विझेल. तिला कोणाला फसवायचे नाही. पण तिच्यामागे एक माणूस असेल. अनारशांचा डबा घेऊन कोणी आले, तर वहिनी दार उघडून म्हणतील, “ते गावाला गेलेत, तुम्ही आत या.” आणि एखादी वायर तापली, पावसाची सर येऊन माळेत पाणी शिरले, तर हाक मारायलाही त्याच असतील. कुलपाआड यंत्राच्या भरवशावर वीज खेळती ठेवण्यापेक्षा, घर सोडताना मेन स्विच खाली ओढण्याची आपल्या वडिलांची सवय अधिक शहाणपणाची होती.

यावर शेवटचा आक्षेप येतो, आणि तोच खरा आहे: “आमची शेजाऱ्यांशी तेवढी ओळख नाही.” हे मला माहीत होते. या डबीची सारी मागणी त्याच एका वाक्यातून आली आहे. शेजाऱ्यापुढे हात पसरायला नको, त्याचा उपकार नको, परत आल्यावर त्याच्यासाठी पेढे आणायला नकोत, म्हणून आपण यंत्र आणले. ते काम चोख करते आणि पेढे मागत नाही. पण शेजार हा असल्या लहानसहान उपकारांवरच उभा असतो. किल्ली देण्याचे, विरजण मागण्याचे आणि पणती लावून ठेवण्याचे निमित्त एकेक करून संपले, की भिंतीपलीकडे राहणारा माणूस नुसत्या दारावरच्या पाटीपुरता उरतो. ओळख नाही म्हणून यंत्र आणायचे आणि यंत्र आहे म्हणून ओळख करायची नाही, या फेऱ्यातून बाहेर पडायला दिवाळीहून चांगला दिवस कोणता?

तेव्हा वाचकहो, यंदा खुशाल प्रवासाला जा. निघण्यापूर्वी शेजारचे दार वाजवा. ओळख नसेल तर करंज्यांची बशी घेऊन जा. ती असली की ओळख करून द्यावी लागत नाही. आणि तेवढेही जमणार नसेल, तर घर सरळ अंधारात ठेवा. अंधाऱ्या दाराकडे पाहून जाणाऱ्या-येणाऱ्याने चार ठिकाणी विचारले, “ही मंडळी कुठे गेली हो?” तर त्यात तुमचे काही बिघडणार नाही. आपण नसताना आपली चौकशी करणारे कोणी आहे, हे परत आल्यावर तुम्हांला कळेल.