समजून घ्या : मुंबईत बांधलेल्या बोटीवरून जगभरच्या शर्यतीचे नियम कसे ठरले?

एकट्याने, न थांबता, जीपीएसशिवाय पृथ्वीप्रदक्षिणा. गोल्डन ग्लोब ही शिडाच्या बोटींची शर्यत सप्टेंबर २०२६ मध्ये फ्रान्सहून निघणार आहे. तिच्या नियमांचे मूळ मुंबईत आहे.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी 'सुहैली' मुंबईत सागवानातून बांधली गेली. १९६८-६९च्या पहिल्या शर्यतीत नऊ जण उतरले. शर्यत पूर्ण केली ती फक्त या संथ, जड बोटीने. तिची कील, म्हणजे तळाचा कणा, लांब आणि सलग. सुकाणू तिलाच जोडलेले. वारा बोट कलंडवतो, कीलचे वजन ती पुन्हा सरळ करते. आजच्या नियमांतही लांबी ३२ ते ३६ फूट, आराखडा १९८८ पूर्वीचा आणि कील अशीच लागते.

२०१८ मध्ये अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेली 'सुहैली'ची प्रतिकृती 'थुरिया' घेऊन निघाले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. जुन्या आराखड्याला दोष देणे सोपे आहे. पण बोट पुन्हा सरळ झाली, बुडाली नाही. मदत पोहोचेपर्यंत तीन दिवस टॉमी तिच्यातच होते. २०२३ मध्ये ते दुसरे आले. या वेळी बोट फायबरची 'रस्टलर ३६' होती. कील मात्र तशीच लांब.