एक वार इंदूरचा

गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. घरातली भाषा एकच, मराठी. थोरले इंदूरच्या होळकर कॉलेजातून १९३८ मध्ये बीए झाले आणि आधुनिक हिंदी कवितेतले मोठे नाव ठरले. धाकट्यांनी मराठीला ‘नवी मळवाट’ हा संग्रह दिला, कादंबरीला माळव्यातल्या नदीचे नाव दिले, ‘क्षिप्रा’, आणि १९७९ चा साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार मिळवला. एका पंगतीत वाढलेले दोन भाऊ दोन भाषांत मोठे झाले आणि त्यासाठी कुणालाही घरची भाषा सोडावी लागली नाही.

माळव्यातल्या मराठी माणसाला यात फारसे नवल वाटत नाही. इंदुरात १९१७ मध्ये मराठी साहित्य संमेलन झाले आणि पुढच्याच वर्षी हिंदी साहित्य संमेलन, ज्याचे अध्यक्ष गांधीजी होते. १९३५ मध्ये तर एकाच वर्षी या शहरात दोन्ही भाषांचे मांडव पडले. मराठीच्या अध्यक्षस्थानी औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी, हिंदीच्या अध्यक्षस्थानी पुन्हा गांधीजी. २००१ मध्ये विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन तिसऱ्यांदा इंदुरात आले. दुसऱ्याच्या भाषेत वावरणे हा या शहराच्या हाडीमाशी खिळलेला गुण आहे, आणि म्हणूनच त्याच्याकडे आज एक मागणे मागायचे आहे.

इंदूर आता विद्यार्थ्यांचे शहर झाले आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेले आणि पुढे अहिल्यादेवींचे नाव घेतलेले विद्यापीठ, राऊजवळचे आयआयएम, सिमरोलचे आयआयटी, सुपर कॉरिडॉरकडची नवी खासगी विद्यापीठे आणि भंवरकुआँ परिसरातले कोचिंग क्लास. खंडवा रोडवर संध्याकाळी उभे राहिले की बुंदेली, निमाडी, भिली, मराठी, तेलुगू कानावर पडते. आयआयटी-आयआयएमच्या वसतिगृहांत तर देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतली मुले एकाच मजल्यावर राहतात. मजला एक असला तरी टेबले मात्र वेगवेगळी असतात. मेसमध्ये आपल्या भाषेचा घोळका शोधायचा, सण आपल्या गटात साजरा करायचा, आणि चार वर्षांनी शेजारच्या खोलीतल्या मुलाचे आडनाव नीट उच्चारता न येताच पदवी घेऊन बाहेर पडायचे, असेच बहुतेक ठिकाणी घडते.

सरकारला हे कळत नाही असे नाही. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी सरदार पटेलांच्या जयंतीला ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ ही योजना जाहीर झाली. तिच्यात राज्यांच्या जोड्या लावल्या आहेत. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी, मध्य प्रदेशची मणिपूर आणि नागालँडशी. कल्पना खरोखर सुंदर आहे. विद्यापीठांत या नावाचे क्लब निघाले, २०२३ पासून ‘युवा संगम’च्या सहली सुरू झाल्या. परंतु कॉलेजातल्या कार्यक्रमात शेवटी दिसते काय, तर जोडीदार राज्याची वेशभूषा, समूहनृत्य, खाद्यपदार्थांचा स्टॉल, फलकासमोरचा फोटो. इंदूरची मुलगी एका दिवसासाठी नागा शाल पांघरते, पण नागालँडमध्ये एक भाषा नसून जमातीगणिक भाषा आहे आणि जमातींना आपसात बोलायला नागामीज लागते, हे तिला कुणी सांगत नाही. मणिपुरी १९९२ पासून आठव्या अनुसूचीत आहे, तिची मैतेई मयेक ही स्वतंत्र लिपी आहे, ही अक्षरे कशी दिसतात तेही तिने पाहिलेले नसते. तास-दोन तासांचा कार्यक्रम एवढ्या खोलात जाऊ शकत नाही, आणि दोष मुलांचा नाही.

ओळख नसली की काय होते याचे दाखले ताजे आहेत. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडील विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापुस्तिका काढली. बांबूचे कोंब, आखुनी असे उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेताने शिजवा, असा सल्ला तिच्यात होता. आखुनी म्हणजे आंबवलेले सोयाबीन. परक्या शहरात आलेल्या मुलीला कायदा आणि सुरक्षा यांच्या नावाखाली स्वयंपाकघर आवरायला सांगितले गेले, शेजाऱ्याने काय शिकावे याचा मात्र कुणी विचार केला नाही. निकोलस खारकोंगोर यांचा २०१९ चा ‘आखुनी’ हा चित्रपट याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. त्यात दिल्लीत राहणाऱ्या मित्रमैत्रिणींना लग्नाच्या जेवणासाठी हा एक पदार्थ शिजवायचा असतो, आणि त्यासाठी त्यांना जागा मिळत नाही.

पुण्याला तर ऑगस्ट २०१२ विसरता येणार नाही. आसामातल्या कोक्राझारच्या हिंसेनंतर मोबाइलवरून हल्ल्याच्या अफवा सुटल्या आणि बंगळुरू, पुणे, चेन्नई, हैदराबाद इथून ईशान्येकडचे विद्यार्थी आणि नोकरदार मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले. केंद्राला काही दिवस एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएस पाठवण्यावर बंदी घालावी लागली. त्या दिवसांत पोलिसांनी धीर दिला, मंत्र्यांनी आवाहने केली. पण भेदरलेल्या मुलाला स्टेशनवर जाण्यापासून थांबवू शकणारा माणूस वेगळाच असतो. ज्याच्या घरी तो चार वेळा जेवला आहे, ज्याच्या आईला त्याचे नाव ठाऊक आहे, असा माणूस. तो संकटाच्या दिवशी निर्माण करता येत नाही.

मग करायचे काय? या प्रश्नाचे एक उत्तर इंदुरातच १९१८ मध्ये शोधले गेले होते. गांधीजींनी संमेलनात दक्षिणेत हिंदी नेण्याचा विषय मांडला आणि त्याच वर्षी त्यांचा धाकटा मुलगा देवदास मद्रासला वर्ग घेऊ लागला. वय वर्षे अठरा, म्हणजे आजच्या हिशेबात प्रथम वर्षाचा विद्यार्थी. पुढे त्यातूनच दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा उभी राहिली. तरुणांनी तरुणांना भाषा शिकवायची, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती आणि तिचे मोल कमी लेखू नये.

तिच्यातली उणीवही मात्र स्पष्ट सांगायला हवी. हा रस्ता एकेरी होता. दक्षिणेने हिंदी शिकावी यासाठी यंत्रणा उभी राहिली, उत्तरेने तमिळ किंवा कन्नड शिकावी यासाठी तशी काही उभी राहिली नाही. १९३८ मध्ये राजाजींच्या सरकारने मद्रास प्रांतातल्या शाळांत हिंदी सक्तीची केली तेव्हा आंदोलन पेटले आणि १९४० मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली. नंतरच्या त्रिभाषा सूत्रातही हिंदी राज्यांनी एखादी दुसरी आधुनिक भारतीय भाषा शिकवावी असे होते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तिची जागा संस्कृतने घेतली. महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा जो वाद झाला आणि जूनअखेर शासनाला त्याबाबतचे दोन्ही निर्णय मागे घ्यावे लागले, त्यामागेही हीच जुनी ठसठस होती. शिकायचे नेहमी आम्हीच का? हा प्रश्न द्वेषातून आलेला नाही, हिशेबातून आला आहे, आणि त्याला हिशेबानेच उत्तर दिले पाहिजे.

ते उत्तर सर्वांत स्वच्छ शब्दांत मांडले साने गुरुजींनी. स्वातंत्र्यलढ्यात तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात त्यांना वेगवेगळ्या प्रांतांतले सत्याग्रही भेटले आणि आपल्याला शेजाऱ्याची भाषा येत नाही ही रुखरुख लागली. गुरुजी रुखरुखीवर थांबले नाहीत. ते दक्षिणी भाषांकडे वळले, तमिळमधला ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणला. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. रवींद्रनाथांच्या विश्वभारतीसारखे एक ठिकाण, जिथे प्रांताप्रांतांतले तरुण एकत्र राहतील, परस्परांच्या भाषा, कला, चालीरीती शिकतील. पुढच्याच वर्षी ११ जूनला गुरुजी गेले. यदुनाथ थत्ते आणि इतर सहकाऱ्यांनी आंतरभारतीचे नाव जागते ठेवले, पण गुरुजींच्या मनातले ते नांदते विद्यापीठ उभे राहिले नाही. मराठी माणसाने ही अपुरी राहिलेली गोष्ट स्वतःची जबाबदारी मानायला हवी.

शिबिरांनी तिचा थोडा भाग जगून दाखवला. बाबा आमट्यांच्या ‘भारत जोडो’त १९८५ च्या डिसेंबरात शंभरावर तरुण सायकलवरून कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. बंगळुरूत जन्मलेले एस. एन. सुब्बराव मध्य प्रदेशातल्या चंबळच्या खोऱ्यात, जौऱ्याला आश्रम काढून राहिले आणि राष्ट्रीय युवा योजनेच्या शिबिरांतून पन्नास वर्षे मुलांकडून श्रमदान करून घेत, अनेक भाषांतली गाणी गाऊन घेत राहिले. २०२१ मध्ये ते गेले. अशा शिबिरांचे बळ एकत्र घाम गाळण्यात असते, मर्यादा दिवसांची असते. आठवडा संपतो, पत्ते लिहून घेतले जातात, आणि मग प्रत्येक जण आपापल्या गावी.

मर्यादा ओलांडायची तर रोजच्या जगण्यात शिरावे लागते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी एक प्रसंग अनेकदा सांगितला आहे. एक मुलगी वसतिगृहाच्या खिडकीतून एका मुलाला काहीतरी देताना त्यांना दिसली. रेक्टर म्हणून संशय आला. चौकशी केली तेव्हा कळले की मुलगा मॉरिशसचा आहे, काविळीने अंथरुणाला खिळला आहे आणि त्याच्या देशाची मुलगी त्याला डबा आणून देते. परदेशी विद्यार्थ्यांना इथे घर नाही, या जाणिवेतून १९७१ मध्ये त्यांनी ‘सिम्बायोसिस’ ही संस्था काढली. पुढे तिचा केवढा पसारा झाला ते सर्वांना माहीत आहे. इंदुरातही २०१६ पासून तिचे विद्यापीठ आहे. त्या पसाऱ्याच्या मुळाशी एक जेवणाचा डबा आहे, ही गोष्ट इथे महत्त्वाची.

मराठी समाजाला हा डबा नवा नाही. वार लावून जेवण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. गरीब विद्यार्थी शहरात यायचा, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार सात घरी जेवून शिकायचा. त्या रीतीला जातीचे कुंपण होते, बहुतेक वार जातीतल्या मुलांनाच मिळत, हे लपवण्याचे कारण नाही. ते कुंपण कर्मवीर भाऊराव पाटलांनी तोडले. १९२४ मध्ये साताऱ्यात काढलेल्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली, एकत्र जेवू लागली. म्हणजे नमुना आपल्याच घरात आहे. त्याला फक्त प्रांताच्या आणि भाषेच्या हद्दीपलीकडे न्यायचे आहे.

इंदूरने ही सुरुवात करावी. प्रथम वर्षात येणाऱ्या आणि इच्छा असणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावाव्यात, दोघांची मातृभाषा वेगळी असावी. युरोपात भाषा शिकण्याच्या या पद्धतीला टँडम म्हणतात, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. १९६३ मध्ये युद्धाच्या जखमा ताज्या असताना फ्रान्स आणि जर्मनीने तरुणांसाठी संयुक्त कार्यालय उघडले, त्यानेही ही पद्धत वापरली. तिचा नियम सोपा आहे. अर्धा वेळ एकाची भाषा, अर्धा वेळ दुसऱ्याची. शिकवणारा आणि शिकणारा दर तासाला जागा बदलतात, त्यामुळे कुणी यजमान आणि कुणी आश्रित राहत नाही. आठवड्याला दोन तास, सहा महिने. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारतीय भाषांवर एवढा भर आहे, तर विद्यापीठाने या तासांना श्रेयांक द्यायला हरकत नसावी. श्रेयांक मिळाला की पालकही ‘अभ्यास सोडून हे काय’ म्हणणार नाहीत.

आणि जोडीला वार. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या मराठी घरांनी, तशीच गुजराती, सिंधी, माळवी घरांनी पंधरवड्यातून एक रात्र एका जोडीला जेवायला बोलवावे. गणेशोत्सव मंडळे आणि शहरातल्या मराठी संस्था घरांची यादी करू शकतात, त्यांच्याकडे माणसे आहेत आणि पत आहे. मराठी घरांवर इथे जास्त भार टाकला आहे तो मुद्दाम. आपली भाषा अल्पसंख्य असताना कशी टिकवायची आणि भोवतालची भाषा कशी आपली करायची, हे दोन्ही त्यांनी केले आहे. कोहिमाहून आलेल्या मुलाला नेमकी हीच विद्या हवी असते. तो स्वतः आपल्या जमातीची भाषा, नागामीज आणि इंग्रजी अशा तीन भाषा घेऊन आलेला असतो, त्यामुळे शिकवण्यासारखे त्याच्याकडेही भरपूर आहे.

अडचणी येतील. मुलींच्या सुरक्षिततेसाठी घरांची नीट पारख करावी लागेल, मांसाहाराचा प्रश्न निघेल, काही जोड्या जमणार नाहीत आणि त्या निमूट मोडू द्याव्या लागतील. मैत्रीची सक्ती झाली की ती हजेरीपटावरची सही होते. म्हणून पहिल्या वर्षी पन्नास जोड्या पुरेत.

नियम एकच काटेकोरपणे पाळावा. दर तिसरा वार पाहुण्याच्या हातचा. त्या रात्री यजमानीण स्वयंपाकघरातून बाहेर बसेल, मणिपूरची मुलगी ओट्याशी उभी राहील. चुलीवर ङारी असेल, म्हणजे आंबवलेली मासळी, किंवा शाकाहारी घर असेल तर आंबवलेल्या सोयाबीनचे हवाइजार. वास जिन्यापर्यंत जाईल. शेजारच्या काकू दार उघडून विचारतील, आज काय शिजते आहे, आणि घरातले कुणीतरी त्यांना त्या पदार्थाचे नाव मैतेईत सांगेल.