'धाडसी' म्हणून हंसाबाईंना गप्प करू नका

हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनाचा विषय निघाला की आपल्याकडचे समीक्षक एकच शब्द वापरतात : धाडसी. आमचा या शब्दालाच आक्षेप आहे. बाईने दारूचे आणि पुरुषांचे सांगितले की ती धाडसी. पण आपली कमाई कोण खात होते हेही तिने सांगितले, त्याला काय म्हणायचे?

रतन साळगावकर ही मुलगी शाळकरी वयात सिनेमात आली ती हौस म्हणून नव्हे. घर चालवायचे होते. घराण्यात कलावंतिणींची परंपरा, म्हणजे मुलीने कमवायचे आणि घराने खायचे ही रीत आधीच ठरलेली. सिनेमाने तिला हंसा वाडकर हे नाव दिले, रीत तीच ठेवली. पैसा आधी आईच्या हातात, मग नवऱ्याच्या. 'संत सखू' आला, 'लोकशाहीर राम जोशी' गाजला. आणि एवढे नाव असलेल्या बाईला मराठवाड्यात एका घरात पडद्याआड कोंडून राहावे लागले. तिथून सुटायला कायद्याच्या दारात गेल्यावर मॅजिस्ट्रेटनेच बलात्कार केला, असे त्या सांगतात. नाव झाले की माणूस सुटला, या समजाचे यानंतर काय उरते?

१९७० साली हे पुस्तक आले, पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या. १९७७ मध्ये बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' काढला. तेव्हापासून बहुतेकांनी सिनेमाच पाहिला आहे, पुस्तक वाचायचे राहूनच गेले.

हंसाबाई दलित नव्हत्या, त्यांना ओढून आमच्या यादीत बसवायचे नाही. पण कोणत्या घरच्या मुलीने नाचायचे आणि कोणत्या घरच्यांनी बघायचे, हे ठरवते ती जातच. १९३६ साली मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणींना हे जिणे सोडा म्हणून बजावले. पोट कसे भरायचे याची सबब त्यांनी ऐकून घेतली नाही. त्याच वर्षी रतनचा 'विजयाची लग्ने' पडद्यावर आला. एकीकडे बाबासाहेब बायांना त्यातून बाहेर काढू पाहत होते, दुसरीकडे तीच रीत रंग लावून स्टुडिओत शिरत होती. बाबासाहेबांचे ते भाषण ज्यांना आज फार कठोर वाटते, 'परंपरा', 'कला' म्हणत जे गळा काढतात, त्यांनी हंसाबाई एकदा नीट वाचाव्यात. पाहिजे तर आम्ही प्रत देऊ.

आज लावणी करणाऱ्या मुलीचा व्हिडिओ लाखो लोक बघतात, आणि त्याखाली तिची जात काढणारे, तिच्या चारित्र्यावर बोलणारे त्यांच्यातलेच असतात. वर म्हणतात, तिला काय कमी आहे, स्टार आहे ती! त्या कार्यक्रमाची सुपारी किती होती आणि तिच्या खात्यावर त्यातले किती पोचले, एवढे तरी आधी विचारा.