न खपलेला गठ्ठा

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ हमखास विचारतात, "आपण काय करता?" "पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेत असतो," असे मी सांगतो. "वा! म्हणजे दिवसभर वाचन! मजा आहे बुवा तुमची!" मी नुसती मान डोलावतो आणि जिलबीकडे वळतो. खरी हकीकत सांगू लागलो तर मठ्ठा येऊन गेला तरी ती संपायची नाही.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतली आमची संस्था म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या, वर एक माळा आणि मालकांसह चार माणसे. मोठ्या संस्थेत संपादक निराळा, प्रुफे तपासणारा निराळा, हिशेबनीस निराळा. आमच्याकडे ही सगळी खाती एकाच खुर्चीवर बसतात आणि त्या खुर्चीवर मी बसतो! सकाळी 'पाणी' दीर्घ आणि 'आणि' ऱ्हस्व करायचे, दुपारी कागदवाल्याला "पुढच्या आठवड्यात नक्की" म्हणून सांगायचे आणि संध्याकाळी सुतळीने गठ्ठे बांधायचे. शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली ठरले, १९७२ साली त्यांत आणखी चार वाढले. त्या अठरांपैकी एखादा चुकून मोडला, की आठवड्याच्या आत वाचकाचे पत्र येते. पुस्तक आवडल्याचे पत्र यायला मात्र वर्ष लागते.

आता पैशाचे ऐका. एखाद्या पुस्तकाच्या आम्ही पाचशे प्रती काढतो. विक्रेत्याला शेकडा पस्तीस-चाळीस सूट द्यायची, शिवाय पैसे मिळणार ते पुस्तक खपल्यावर. लेखकाचे मानधन, छपाई, बांधणी वजा जाता उरते ते टपालात जाते. डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्याने पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त सोय बंद केली, तेव्हा आमचे मालक दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले, तीनशे ग्रॅमला वीस रुपये आणि पाच किलोला शंभर. तेव्हा कुठे त्यांनी चहा मागवला.

आमच्या गावाला लेखकांची वाण कधीच नव्हती. खांडेकर कोल्हापुरात राहिले. पण त्यांची 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली ती पुण्याहून. शिवाजी सावंत इथल्या शाळेत शिकवीत होते. त्यांचे 'मृत्युंजय'ही १९६७ साली पुण्याच्याच प्रकाशकाने काढले. मोठी पुस्तके मोठ्या गावी जातात, यात गैर काही नाही. मग आमच्यासारख्यांच्या वाट्याला काय येते? पोटासाठी स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके आणि ज्यांना दुसरा कोणी दारात उभे करीत नाही, अशी पुस्तके.

त्यांतले एक म्हणजे ओव्यांचे. भुदरगडकडच्या एका शाळामास्तरांनी वीस वर्षे खेडोपाडी हिंडून, म्हाताऱ्या बायकांसमोर बसून जात्यावरच्या ओव्या उतरून घेतल्या होत्या. खिळे जुळवून छापण्याच्या काळात आमच्या मालकांनी ते पुस्तक काढले. छपाई झाली, खिळे सुटे होऊन पुन्हा घरात गेले. मास्तर वारले, त्या म्हाताऱ्याही गेल्या. गठ्ठा तेवढा राहिला.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढू लागली. राजाराम बंधाऱ्यापाशी त्रेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. त्या आठवड्यात पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले. व्हीनस कॉर्नरकडून पाणी आमच्या गल्लीत शिरले तेव्हा संध्याकाळ होती, वीज गेलेली, आणि हाताशी मी, मालक व शेजारच्या दुकानातला एक हमाल. माळ्यावर सगळे मावणारे नव्हते. मी मार्गदर्शकांचे नवे गठ्ठे उचलू लागलो. नुकतेच छापून आलेले, महिन्याभरात हातोहात जाणारे. आमचे पगार त्यांतच होते.

"ते राहू द्या. आधी ओव्या वर न्या," मालक म्हणाले.

"अण्णा, दहा वर्षांत त्याच्या दहा प्रती खपल्या नाहीत!"

"म्हणूनच. मार्गदर्शक उद्या पुन्हा छापता येईल. हे कोण छापणार?"

हमालानेही मला हळूच विचारले, "मास्तर, खपत न्हाई म्हंतासा, मग वर कशाला न्यायचं ओ?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. गुडघाभर पाण्यातून आम्ही तो गठ्ठा वर चढवला. मार्गदर्शकांचा पुढे आठवड्याभरात लगदा झाला.

त्या दिवाळीत मला निम्मा पगार मिळाला. घरी अनारसे झाले नाहीत. मुलीला फ्रॉक घ्यायचा तो पाडव्याऐवजी संक्रांतीला घेतला. वाचकहो, खोटे कशाला सांगू, त्या दिवसांत मालकांचा मला फार राग आला होता. त्यांची तत्त्वे आणि आमचे अनारसे! दुसरीकडे नोकरीसाठी अर्जही करून पाहिला.

पुढच्या वर्षी टाळेबंदी उठल्यावर एक बाई दुकानात आल्या. मास्तरांचे पुस्तक आहे का, म्हणून विचारू लागल्या. मी माळ्यावरून प्रत आणून दिली. त्यांनी उभ्या उभ्या पाने चाळली आणि एका पानावर थांबल्या. ओवीखाली ती सांगणारीचे नाव होते. "ही माझी आजी," त्या म्हणाल्या. "तिचा फोटोसुद्धा नाही आमच्याकडे."

मालकांनी उपरण्याने पुस्तकावरची धूळ पुसली, पुडा बांधला आणि किंमत पुरी घेतली. बाई गेल्यावर ते इतकेच म्हणाले, "खात्यावर मांडा."

मी एक प्रत खात्यावर मांडली. अर्ज केला होता तिथून पुढे बोलावणे आले, पण मी गेलो नाही. गठ्ठ्यात अजून एकशे अडतीस प्रती आहेत. आता त्या माळ्यावरच असतात. पावसाळा लागला, की मार्गदर्शकेही आम्ही वेळेवर वर नेऊन ठेवतो.