कुदळीचे अंदाजपत्रक

मराठी भाषेचा खड्ड्यावर भारी राग आहे. ज्याचे वाईट चिंतायचे त्याला आपण खड्ड्यात जायला सांगतो. दुसऱ्यासाठी खड्डा खणणारा स्वतःच त्यात पडतो असे मुलांना शिकवतो. आणि नगरपालिकेवर टीका करायची वेळ आली की रस्त्यातले खड्डे मोजू लागतो. पण याच खड्ड्याला खाली पाणी लागले की आपली वाणी एकदम पालटते. मग तो आड होतो, विहीर होते, बारव होते. सातारा जिल्ह्यातल्या लिंब गावी अठराव्या शतकातली बारा मोटांची विहीर आहे. तिच्या पायऱ्या आणि वरचा छोटासा महाल पाहायला लांबलांबून माणसे येतात. ‘केवढा हा खड्डा!’ असे तिथे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे शहाणपण आपल्याला ठाऊक आहे. पण तहान मुळीच नसताना, भरल्या घरात, दोन्ही वेळ नळाला पाणी असताना परसात खड्डा खणणाऱ्याला काय म्हणावे, हे म्हणींनी सांगून ठेवलेले नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, असा खड्डा खणला. तोही स्वतःच्या हातांनी, आणि पैसे वाचावेत म्हणून!

दाजी साताऱ्याला बँकेत आहेत. वडिलार्जित बैठे घर, मागे बऱ्यापैकी परस, आणि पदरी बारा वर्षांचा मुलगा व नऊ वर्षांची मुलगी. ते स्वतः गावच्या विहिरीत पोहायला शिकले. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, चुलत्याने वरून ढकलून द्यायचे, आणि नाकातोंडात पाणी गेले की शिक्षण सुरू. आज त्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी नसते आणि नदीत उतरावे असे पाणी राहिले नाही. मात्र पोहता न येणारी मुले सुट्टीत कुठल्याशा डोहावर गेली आणि परत आली नाहीत, ही बातमी दर उन्हाळ्यात येतेच. अशी एक बातमी वाचून दाजींनी वर्तमानपत्राची घडी केली आणि म्हणाले, “आपण घरीच तलाव बांधू.”

ताई म्हणाली, “आधी न्हाणीघराची गळती काढा.”

पण दाजींनी ठेकेदाराकडून अंदाजपत्रक आणवले. तीस फूट लांब, बारा फूट रुंद, पाच फूट खोल असा खड्डा. यादीत अकरा कलमे होती : खोदाई, माती वाहून नेणे, लोखंडी जाळी, काँक्रीट, भिंती, गळतीविरोधी लेप, फरशी, पंप, गाळणयंत्र, वीज आणि किरकोळ. बेरीज पाहून दाजींना पोहण्याआधीच गटांगळी आली. त्यांनी यादी पुन्हा वरून खाली वाचली आणि ज्याला कोणतेही शिक्षण लागत नाही असे एकच कलम त्यांना सापडले. पहिलेच. खोदाई.

आता गंमत पहा. ते कलम यादीत सर्वांत स्वस्त होते. यंत्राने ते काम एक-दोन दिवसांत उरकते. काँक्रीटला आणि लोखंडाला मात्र त्यांचा भाव द्यावाच लागतो. शिवाय घराशेजारचा बोळ तीन फुटांचा, त्यातून जेसीबी आत जाणार नाही, म्हणजे कुंपणाची भिंत पाडून पुन्हा बांधणे आले. तो खर्च दाजींनी खोदाईच्या नावे मांडला आणि कुदळीची बाजू पक्की केली.

मी मराठीचा प्राध्यापक असलो तरी गुणाकार मला येतो. माती मोजण्याचे आपल्याकडचे माप म्हणजे ब्रास, अर्थात शंभर घनफूट. दाजींचा खड्डा भरला अठरा ब्रास. एका घनमीटर मातीचे वजन दीड ते पावणेदोन टन धरले तर हा ऐवज सत्याऐंशी टनांच्या घरात जातो. एका घमेल्यात वीस किलो म्हटले तरी सव्वाचार हजारांवर घमेली झाली. त्यात जमिनीतली घट्ट माती उपसली की फुगते, पाव हिश्श्याने तरी वाढते. म्हणजे अठरा ब्रास काढली की बावीस-तेवीस ब्रास कुठेतरी ठेवावी लागणार. मी हा हिशोब कागदावर मांडून दिला. दाजी म्हणाले, “कागद जड असतो. माती हलकी असते.”

पाडव्याला नारळ फोडून कुदळ मारली. पहाटे दोन तास आणि रविवारी चार, असा नेम. वरची दीड फूट काळी माती लोण्यासारखी निघाली आणि दाजींचा उत्साह दुणावला. मग मुरूम लागला. मुरूम म्हणजे झिजून भुगा होऊ लागलेला काळा दगड. त्याला टिकाव लागतो, पहार लागते, आणि पाठीला रोज रात्री तेल लागते. आठवडाभराने दाजी दोरी आणि खुंट्या घेऊन परसात उभे दिसले. तीस फुटांच्या खुंट्या उपटून ते पंचवीसवर ठोकत होते. पुढच्या रविवारी त्या अठरावर आल्या. रुंदी बाराची अकरा झाली. खोलीबद्दल त्यांनी मुलीला शेजारी उभे करून पाहिले आणि ठरवले की आत साडेतीन फुटांचा हौद झाला तरी पुरे. शिकणाऱ्या पोराला पाय टेकतील एवढेच पाणी हवे.

वाचकहो, या लेखात मला जे सांगायचे आहे ते इथेच आहे. दाजींनी खोदाईची मजुरी वाचवली ती किरकोळच. खरी बचत झाली ती खुंट्या सरकल्यामुळे. यंत्र असते तर तीस फुटांचा खड्डा दोन दिवसांत तयार झाला असता आणि मग उरलेली दहाही कलमे तीस फुटांच्याच हिशोबाने अंगावर आली असती. कुदळीने मारलेला प्रत्येक फूट पाठीवाटे मनापर्यंत पोचतो आणि विचारतो, ‘हा खरोखर हवा आहे का?’ अठरा ब्रासचे आठ ब्रास झाले. काँक्रीट घटले, लोखंड घटले, फरशी घटली. पाणी पस्तीस हजार लिटर लागणार होते, ते बारा हजारांवर आले. भर उन्हाळ्यात उघड्या हौदातून रोज आठ मिलिमीटरपर्यंत पाणी सहज उडून जाते. एवढ्याशा हौदाचेही ते रोजचे शंभर लिटर भरते, आणि शहरातल्या माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी मिळावे असे शासनाचे माप आहे. म्हणजे हौद बांधणे हे सूर्याला घरी जेवायला ठेवून घेण्यासारखे आहे. मग पाहुणा लहान असलेला बरा.

परंतु सगळेच असे हसण्यावारी गेले नाही. मेमध्ये एका रात्री वळीव कोसळला. सकाळी पाहतो तो खड्ड्याची पूर्वेकडची बाजू दोन हातभर तुटून आत पडलेली. काठावर रचलेल्या मातीच्या ढिगाने ती दाबली होती आणि पावसाने उरलेले काम केले. आदल्या संध्याकाळी भाचा त्याच बाजूला, खाली, पाय पसरून पुस्तक वाचत बसला होता. ताई काहीच बोलली नाही. तिने मुलाला जवळ ओढले, आणि दाजी पायरीवर मटकन बसले. घनमीटरभर माती म्हणजे लहान मोटारीहून अधिक वजन. ते छातीवर आले तर कमरेइतक्या खड्ड्यातही माणूस गुदमरतो. नेहमी सांगतात तो नियम असा की, दीड मीटरपेक्षा खोल खणायचे तर बाजूंना फळ्यांचा आधार हवाच. पण ओल्या किंवा भुसभुशीत मातीला हा आकडा वाचता येत नाही. ढीग काठापासून तीन हात तरी दूर हवा, बाजू उतरत्या हव्यात, घराचा आणि शेजाऱ्याच्या भिंतीचा पाया खड्ड्याच्या खोलीहून अधिक लांब हवा, आणि खाली कोणी एकटे असता कामा नये.

त्या दिवशी दाजींनी एका म्हाताऱ्या खोदाई कामगाराला बोलावले. त्याने काठाभोवती एक फेरी मारली, पहारेने दोन ठिकाणी ठोकून पाहिले आणि विचारले, “पाण्यासाठी खणताय का, साहेब?”

“नाही. पोरांना पोहायला.”

“बरं,” एवढेच तो म्हणाला, आणि ढीग मागे ओढू लागला.

मला त्याच्या त्या ‘बरं’ची अजून आठवण येते. २०१६ साली वाशीम जिल्ह्यात एका मजुराने, दलित म्हणून आपल्या बायकोला विहिरीवर पाणी भरू दिले नाही या अपमानाने पेटून, एकट्याने चाळीस दिवसांत विहीर खणली. दिवसभराची मजुरी सांभाळून तो रोज सहा तास खणत होता, आणि त्याला पाणी लागले. दाजींची आणि त्याची कुदळ एकाच लोहाराची असेल. पण एकीला हौस उचलत होती, दुसरीला गरज. दाजींनी म्हाताऱ्याला त्याने सांगितल्यापेक्षा जास्त मजुरी दिली. दहा आठवडे खणल्यावर माणूस मजुरीवर घासाघीस करीत नाही, हाही त्या खड्ड्याचा एक फायदा धरावा.

पावसाळा आला तसे खड्ड्याभोवती चार फुटी कुंपण घालून दाराला कुलूप लावले. आत पाणी साचले, बेडूक आले. डासांची अंडी आठ-दहा दिवसांत उडू लागतात म्हणून गप्पी मासे सोडले. पण पाणी केवळ वरून आलेले नव्हते. उपसले तरी खालून गुडघाभर भरत होते. इंजिनिअरने ते पाहून सांगितले की रिकामा हौद अशा जमिनीत होडीसारखा वर उचलला जातो, तळ फुटतो. म्हणून तळाखाली पाण्याला वाट ठेवायची आणि पावसाळ्यात हौद रिकामा करायचा नाही. आर्किमिडीजने स्नान करताना शोधलेली गोष्ट साताऱ्याच्या परसात अशी उपयोगी पडली. बांधकाम दिवाळीनंतर झाले, तेही नगरपालिकेची परवानगी हाती आल्यावरच.

या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा भाची पाठीला काहीही न बांधता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहून गेली. सोळाच फूट, पण पलीकडे पोचल्यावर तिने मागे वळून पाहिले ते समुद्र ओलांडल्याच्या थाटात. कुंपणाचे कुलूप अजून आहे, आणि किल्ली ताईच्या कमरेला असते. पाणी गुडघाभर असले तरी लहान मूल त्यात बुडते, आणि बुडणारे मूल ओरडत नाही, हे ती कोणालाही विसरू देत नाही.

आता राहिली ती उपसलेली दहा ब्रास माती. काळी माती बागेत गेली, थोडा मुरूम बोळात पसरला. उरलेला ढीग कोणी फुकट न्यायला तयार होईना. मग गेल्या दिवाळीच्या चार दिवस आधी गल्लीतली मुले पाट्या घेऊन आली, आणि पाहता पाहता त्या मुरमातून दारोदार किल्ले उभे राहिले. यंदाही ढीग शिल्लक आहे. परवा ताईचा फोन आला होता. मुले राजगड करायचा म्हणतात, आणि बालेकिल्ल्यासाठी दगड कमी पडतोय, म्हणून दाजी पहार शोधत आहेत.