आधी केले, मग सांगितले
प्रशिक्षकाचे तत्त्वज्ञान त्याच्या आचरणातून प्रकट होते. पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकल्यानंतर शीतपेयाची जाहिरात नाकारली. पुढे हैदराबादेत अकादमी उभारण्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले. त्यामुळेच २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी सुमारे तीन महिने पी. व्ही. सिंधूचा मोबाइल त्यांनी काढून घेतला आणि आइस्क्रीमही बंद केले, तेव्हा त्या सक्तीमागे नैतिक बळ होते. सिंधूने रौप्यपदक पटकाविले. शिस्तीच्या नावाखाली हुकूमत गाजविणाऱ्या प्रशिक्षकांनी हा भेद ध्यानात घ्यावयास हवा. पद आणि प्रमाणपत्र यांनी नेमणूक मिळते. खेळाडूकडे त्याग मागण्याचा अधिकार मात्र स्वतः त्याग करूनच मिळवावा लागतो.